पंधरा ऑक्टोबरचा कागद

सिंधुबाईनं जमीन घ्यायचं मनावर घेतलं तेव्हा तिच्याकडं बिस्किटाचा एक रिकामा डबा होता आणि नवरा होता. नवऱ्याला विचारायची तिला गरज वाटली नाही. डबा तिनं राखेनं घासला, उन्हात वाळवला आणि देव्हाऱ्याच्या मागं ठेवला.

"काय ठिवणार त्यात?" नाथानं विचारलं.

"भवानी."

नाशिक रोडला, प्रेसच्या कॉलनीच्या तोंडाशी ती भाजी आणि फुलं घेऊन बसायची. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. बाकीच्या बाया भवानीची नोट कपाळाला लावायच्या, कनवटीला खोचायच्या आणि दुपारी तिचाच चहा प्यायच्या. सिंधुबाईनं ठरवलं की भवानीचा पैसा घरात खर्चायचा नाही. मेथीची जुडी गेली तरी डब्यात, दहा रुपयांचा हार गेला तरी डब्यात. म्हशीचं दूध सगळं डेअरीला, घरात कोरा चहा. दिवाळीला तिनं आठ वर्षं लुगडं घेतलं नाही. पोरगी प्रतिभा तापानं फणफणली तेव्हा नाथा डब्याकडं बघत राहिला आणि सिंधुबाई सरकारी दवाखान्याच्या रांगेत जाऊन बसली. गावात तिला कवडीचुंबक म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं. म्हणेनात, तोंडं काय कुणाची भाड्यानं घेतलीत, असं ती म्हणायची.

आठ वर्षांत पन्नास हजार झाले. कर्ज म्हणून कुणाचा एक पैसा नव्हता.

मखमलाबादच्या पुढं खंडेरावांचं सहा एकर रान. त्यातला एक एकर नाथा आणि सिंधुबाई अकरा वर्षं कसत होते. वर्षाला ठराविक पैसे मोजायचे आणि वर सुटेल ते आपलं. खंडेराव माणूस सरळ, पण आता थकलेला. त्यांचा मुलगा राज प्लॉट पाडून विकणाऱ्यांबरोबर हिंडायचा. त्यानं बापाच्या मागं टुमणं लावलं होतं, रान मोडू या. म्हातारा म्हणाला, मोड बाबा, पण अकरा वर्षं ज्यांनी कसलं त्यांना वीस गुंठे आधी विचारू. किंमत ठरली एक लाख वीस हजार. पन्नास हजार इसार आणि बाकी सत्तर वर्षाच्या आत.

दिवाळीतल्या पाडव्याच्या दिवशी खंडेरावांच्या ओसरीवर कागद झाला. राजनं विचारलं, "बाकीचे कधीपर्यंत देणार, नाथाभाऊ?"

"दसरा झाला की," नाथा म्हणाला. "एकरभर झेंडूच लावतो पुढल्या आषाढीला. दसऱ्याचं फूल गेलं की चार दिसांत पैसे."

राजनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. दसरा सात ऑक्टोबरला होऊन गेला होता. "मग पुढच्या सालची पंधरा ऑक्टोबर टाकतो. आठ दिवस वरच देतो तुम्हाला."

"देव भलं करो तुझं," सिंधुबाई म्हणाली.

पंधरा ऑक्टोबरला पैसे आले नाहीत तर इसार बुडाला, हेही त्यानं वाचून दाखवलं. नाथानं सही केली, सिंधुबाईनं अंगठा उठवला, खंडेरावांच्या सुनेनं साखर दिली. पुढचं साल अधिक महिन्याचं आहे, हे चौघांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिथी बघितल्याशिवाय ज्यांच्या घरी पापड लाटत नाहीत, ती माणसं अशी फसली म्हटल्यावर दोष तरी कुणाला द्यायचा.

नाथाच्या बापाचा एक नेम होता. आषाढीला रोप, दसऱ्याला फूल. मधे तीन महिने, ना एक दिवस पुढं ना मागं. नाथानं आषाढी एकादशीला उपास धरून एकरभर रोप लावलं. शेजारच्या अंबूबाईनं लावलं नाही. ती म्हणाली, आमचं जरा उशिरानं. नाथा घरी येऊन हसला होता. अंबूबाईला यंदा दसऱ्याला पानं विकायची दिसताहेत, म्हणाला.

गौरीच्या सणाला प्रतिभा माहेरी आली. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. सासर ओझरकडं. नवरा समाधान तिथल्याच कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होता. लग्नात तीन तोळ्यांची पोत घातली होती, त्यासाठी नाथानं बैलजोडी विकली होती. प्रतिभा आईबरोबर गौरीपुरती फुलं तोडायला रानात आली. झाडं गुडघ्याच्या वर गेली होती आणि कळ्यांनी लगडली होती.

"आई, सासूबाईंनी निरोप दिलाय. धोंड्याचा महिना हाय यंदा. जावयाला बोलावणं आलं पायजे, म्हणत्यात. लग्नानंतरचा पयलाच अधिक हाय ना आमचा."

"बोलवू की. कोणता अधिक हाय?"

"आश्विन."

सिंधुबाईचा हात फुलावरच थांबला. "आश्विन कसा? आश्विनात दसरा असतो."

"पितर झाले की अधिक आश्विन. तो महिना सरला की मंग घट बसणार. दसरा सव्वीस ऑक्टोबरला हाय." प्रतिभा दहावी शिकलेली होती, तिला तारखा पाठ असत.

सिंधुबाईनं बांधावरून नाथाला हाक मारली. नाथा आला, त्यानं बोटं मोजली, पुन्हा मोजली आणि खाली बसला. फूल महिनाभर आधीच फुलून जाणार होतं, तेही पितरांत आणि अधिकात, जेव्हा लग्न नाही, पूजा नाही, दुकानाचं उद्घाटन नाही. आणि पैशाची तारीख दसऱ्याच्या अकरा दिवस अलीकडं पडली होती. प्रतिभाला कळेना की जावयाच्या जेवणावरून आईबापाची तोंडं अशी का पडली.

पहिलं काम फूल मागं ढकलायचं. त्याला एकच इलाज, शेंडे आणि कळ्या खुडून टाकायच्या म्हणजे झाड पुन्हा फुटवा धरतं. पितृपक्ष लागला त्या दिवशी दोघं तांबडं फुटताना रानात उतरली. एका झाडाला पंधरा-वीस कळ्या, काहींना नुसती पिवळी चीर दिसत होती. अंगठ्याचं नख लावायचं, खुडायचं आणि टाकायचं. पाच-सहा दिवसांत अंगठे चिरले. झेंडूच्या रसानं बोटं काळी-हिरवी पडली, भाकरीला वास येऊ लागला. नाथानं अंगठ्याला चिंधी बांधली, तर नख लागेना. मग त्यानं चिंधी सोडून दिली.

"स्वतःच्या हातानं सोनं खुडून मातीत टाकू राह्यलो," तो म्हणाला.

"बोलू नका. खुडा."

रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. कुणीतरी ओरडून विचारलं, नाथाभाऊ, पितरांना कळ्यांचा नैवेद्य का? नाथानं मान वर केली नाही. तीन आठवडे वाकून सिंधुबाईची कंबर अशी धरली की चुलीपुढून उठताना ती भिंतीला धरून उठू लागली. पण झाडं फुटली. बाजूनं नव्या फांद्या आल्या आणि ऑक्टोबर लागता लागता हिरव्या मोहरीएवढ्या कळ्या दिसल्या. फूल आता दसऱ्यालाच येणार होतं. उरली तारीख.

ती दोघं खंडेरावांकडं गेली. खंडेराव ओसरीवर खाटेवर बसले होते. राज आत बूट घालत होता.

"आबा, अकरा दिस द्या," नाथा म्हणाला. "अधिक आला मधे. फूल उभं हाय, चला, डोळ्यांनी बघा."

खंडेराव आतल्या दाराकडं बघू लागले. राज बाहेर आला. "भाऊ, सही तुमचीच हाय ना कागदावर?"

"हाय."

"मावशी, अंगठा तुमचा?"

सिंधुबाईनं अंगठा पदराखाली घेतला.

"मंग? मी का अधिक महिना आणला? माझ्याकडं दोन लाखाचं गिऱ्हाईक बसून हाय. तुमच्यासाठी मी थांबलोय, हे उपकार समजा."

तो गाडीला किक मारून गेला. खंडेरावांनी नाथाला तंबाखूची चंची पुढं केली. नाथानं चिमूट घेतली, मळली आणि न खाताच हातात धरून घरी आला.

डब्यात सहा हजार होते. म्हैस दुभती होती, ती अकरा हजारांना गेली. गवळी दावं सोडत असताना सिंधुबाई घरात जाऊन ज्वारी निवडत बसली. म्हैस दोनदा ओरडली. तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा आवाज रस्त्यावरून आला.

मग गोरक्ष आला. हा दादरच्या बाजाराला फूल भरणारा व्यापारी. उभा मळा उक्ता घ्यायचा, म्हणजे आजच एकरकमी पैसे देऊन मोकळं व्हायचं, पुढं तोडणी त्याची आणि नफा-तोटाही त्याचा. त्यानं रानातून एक चक्कर मारली, चार झाडं वाकवून पाहिली.

"चाळीस."

"सव्वीस तारखेला ह्याचे नव्वद होतील, गोरक्षशेठ."

"होतील. पण परतीचा पाऊस आला अन् फूल काळं पडलं, तर माझे चाळीस तुम्ही वापस देणार का? मी कुठं म्हणतो विका. दसऱ्यापर्यंत थांबा."

त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणून जास्तच राग येत होता. सिंधुबाई म्हणाली, "चाळीस द्या." गोरक्षनं नोटा तिथंच बांधावर मोजून दिल्या.

सत्तावन्न झाले. तेरा हजार कमी. नाथा म्हणाला, बाजारातल्या सावकाराकडून उचलू, महिन्याभराचा तर प्रश्न आहे. सिंधुबाई म्हणाली, आठ वर्षं कोरा चहा प्याले तो व्याज भरायला नाही. तिच्या डोक्यात दुसरंच होतं आणि ते तिनं नाथालाही सांगितलं नाही.

अधिकातल्या एकादशीच्या दुसऱ्या दिवशी जावयाचं जेवण ठेवलं. पुरण भरून तेहतीस धोंडे केले. तेल विकत आणलं, तूप शेजारून आणलं. जावयाला पाटावर बसवलं, पाय धुतले, ओवाळलं आणि तांब्याच्या ताम्हनात दिवा लावून ते दान दिलं. ताम्हन लहान होतं. समाधाननं ते हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"कपडे नंतर देणार का, मामा?" त्यानं विचारलं. "नाय, आमच्या कंपनीत एकाला सासऱ्यानं घड्याळ दिलं. दुसऱ्याला अंगठी दिली. मी म्हणलं, आपल्याला काय, जे देतील ते."

नाथाचं तोंड लाल झालं. "दसऱ्यानंतर बघू, जावईबापू. यंदा जरा..."

"बघा की. मी कुठं मागू राह्यलो."

तो जेवायला बसला. पोरगा वाईट नव्हता, पण दुसऱ्यांच्या सासऱ्यांनी त्याची भूक मारली होती. नाथा आग्रह करकरून त्याला धोंडे वाढत होता. तेवढ्यात सिंधुबाईनं प्रतिभाला मागच्या पडवीत बोलावलं.

"पोत काढ."

"मळलीये का? मी धुते की घरी."

"काढ आधी."

प्रतिभानं मागं हात नेला आणि मधेच थांबली. "कशाला?"

"तेरा हजार कमी पडत्यात. सोमवारी पंधरा तारीख हाय."

ओसरीवरून नाथाचा आवाज येत होता, अजून एक घ्या, गरम हाय.

"आई, धोंड्याच्या महिन्यात लेकीला देत्यात का तिचं घेत्यात?"

"देत्यात. मला ठावं हाय. माझं थोबाड फोड, पण पोत दे. आखाजीच्या मुहूर्तावर नवी करून घालते, देवाशपथ."

"अन् आज घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगू?"

सिंधुबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि कागदाची पुडी काढली. तिच्यात पोत होती, तशीच, तेवढ्याच मण्यांची, बाजारातून साठ रुपयांना आणलेली.

"तू आधीच आणली होती," प्रतिभा म्हणाली.

सिंधुबाईनं लेकीच्या गळ्यातली पोत काढली आणि खोटी चढवली. फासा लागेना, कारण अंगठ्याला भेगा होत्या. शेवटी प्रतिभानंच तो लावला. निघताना ती आईच्या पाया पडली नाही. समाधान ताम्हन पिशवीत घालून पुढं चालला, ती मागून. सिंधुबाई दारात उभी राहिली आणि दोघं दिसेनाशी झाल्यावर मोरीत जाऊन जावयाचं उष्टं ताट घासत बसली. दुसऱ्या दिवशी सराफाकडं पोत मोडली. तेरा हजार दोनशे आले.

पंधरा तारखेला सकाळी आठला दोघं खंडेरावांच्या ओसरीवर होती. पैसे धोतराच्या फडक्यात बांधलेले. राज घरी नव्हता. सून म्हणाली, "नाशिकला गेलेत. दुपारी येतील."

दुपारी तो आला नाही. नाथा म्हणाला, घरी जाऊन भाकरी खाऊन येऊ. सिंधुबाई म्हणाली, "मी उठणार नाय. आपण उठलो आन् तो आला, तर म्हणंल कुणी आलंच नव्हतं." तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही, कारण मग आडोशाला जावं लागलं असतं. चार वाजता उन्हं ओसरीवर आली. सून दोनदा बाहेर येऊन झाडून गेली, तेव्हा दोघांनी पाय उचलून धरले. खंडेराव खाटेवर पडून होते, डोळे मिटलेले, पण झोपलेले नव्हते.

पाचच्या सुमाराला ते उठून बसले. "सिंधुबाई, तो आज येत नाय."

"मग आबा, आमी काय करायचं?"

"सकाळी जाताना मला सांगून गेला की आज मुक्कामाला तिकडंच. म्हणाला, तुमी गप पडून ऱ्हा." म्हाताऱ्यानं तोंडावरून हात फिरवला. "सातबारा अजून माझ्या नावावर हाय. आण इकडं."

नाथानं फडकं सोडलं. गोरक्षच्या नोटा शंभराच्या, डब्यातल्या दहाच्या, पन्नासच्या, भाजीच्या ओल्या हातांनी मऊ पडलेल्या. म्हातारा थुंकी लावून मोजत राहिला. सून दारातून म्हणाली, मामंजी, ते रागावतील. खंडेराव मोजताना चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. मग त्यांनी कागदाच्या मागं पैसे पोचल्याचं लिहिलं, तारीख घातली, सही केली. "पोरगं मला आता रोज खाईल," ते म्हणाले. "तुमी जा. खरेदीला मी येतो बुधवारी."

आणि बुधवारी, घट बसले त्या दिवशी, ते खरंच आले. वीस गुंठे झाले. सिंधुबाईनं परत येताना रानातली मूठभर माती पदरात बांधली, आणि आनंद व्हावा म्हणून वाट पाहिली. तो झाला नाही. घरी चहाला दूध नव्हतं, डबा रिकामा होता आणि जमिनीवर उभं होतं ते सगळं गोरक्षचं होतं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी गोरक्षची जीप आली. मुकादमानं वही उघडली, तोडणीला माणूस कमी होतं. चाळीस रुपये हजेरी. नाथा आणि सिंधुबाईनं नावं लिहून दिली आणि आपल्याच रानात ओळीला लागली. फूल असं आलं होतं की पाहून रडू यावं. गच्च, पिवळंधमक, एकही किडकं नाही. नाशकात भाव किलोला पस्तीसवर गेला होता. मुकादम ते जीपवाल्याला सांगत होता आणि दोघं ऐकत होती. पाटी भरली की नाथा ती डोक्यावरून नेऊन जीपमधे ओतायचा.

दहाच्या सुमाराला बांधावर कुणीतरी आलं. नाथानं आधी ओळखलं. प्रतिभा होती, हातात कपड्यांची पिशवी.

सिंधुबाई ओळ सोडून धावत गेली. "एकटी? जावई कुठंत?"

"फाट्यावर सोडून गेले."

तिचा गळा मोकळा होता. पोतीच्या जागेवर काळा वळ उमटला होता. घामानं पॉलिश गेलं, काल घटाच्या आरतीला सासूनं पाहिलं आणि बायकांसमोर ओढून तोडली, असं तिनं सांगितलं. सांगताना ती रडली नाही.

"काय म्हणल्या?"

"पोत घेऊन ये म्हणल्या. नायतर येऊ नको."

नाथा पाटी घेऊन तसाच उभा होता. "उद्या सकाळी राजकडं जातो," तो म्हणाला. "त्याचं गिऱ्हाईक अजून असंल. इकून टाकू."

सिंधुबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि लेकीकडं पाहिलं. एक हो म्हणायचं होतं फक्त. तिनं तोंड उघडलं. पण आठ वर्षांत तोंडाला त्या शब्दाची सवय राहिली नव्हती. ती नुसती उभी राहिली, काळी बोटं एकमेकांत घालून.

प्रतिभानं थोडा वेळ वाट पाहिली. मग पिशवी बांधावर ठेवली, पदर कमरेला खोचला आणि आईच्या अर्ध्या राहिलेल्या ओळीत उतरली. दोन फुलं तोडली, तिसरं तोडलं.

"ए, ही कोण नवीन?" मुकादम वही घेऊन आला. "हजेरी लावायची का? नाव सांग."

सिंधुबाई पुढं झाली, पण प्रतिभानं तिला बोलू दिलं नाही.

"प्रतिभा नाथा विधाते," तिनं बापाचं नाव सांगितलं आणि खाली वाकली.